हिंजवडीची पार्टी की चाकणचा मेळावा?

पत्र: काका, नमस्कार. माझं वय २८. चिंचवडला बाबांचा जुना स्टुडिओ आहे, पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनवर चालतो. मी सहा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. गेल्या दिवाळीत भावजींच्या ओळखीने हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीचं दिवाळी सेलिब्रेशन केलं. फोनवर १४ हजार ठरले. १,९०० फोटो काढले आणि दहा दिवसांनी सगळ्यांसाठी ड्राइव्हची लिंक दिली. दोन दिवसांत एचआरच्या मॅडमचा फोन आला की लिंक आधी बंद करा, नाचतानाच्या एका फोटोवरून ऑफिसात वाद झालाय. पैसे मिळाले ११० दिवसांनी, तेही १,४०० कापून. तरी काम आवडलं. रात्री अकराला घरी, आणि नवरीच्या मावशीचे टोमणे नाहीत. आता एक इव्हेंटवाला डिसेंबरच्या पार्ट्यांसाठी चार तासांचे ७ हजार देतो म्हणतोय. एका कंपनीने थेट कोटेशन मागितलंय. हे धंदा म्हणून चालेल का? रेट काय लावू? आणि ते फोटो मी माझ्या इन्स्टावर टाकू शकतो का?
– एक वाचक, चिंचवड

काका म्हटलंस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

धंदा आहे. आणि तुझ्यासारख्या लग्नवाल्याला तो पंचांगातही बरोबर बसतो. आषाढी ते कार्तिकी, म्हणजे चातुर्मासात, लग्नं जवळपास बंद. काढीव मुहूर्ताचं एखादं मिळालं तर मिळालं. नेमक्या त्याच चार महिन्यांत ऑफिसांत गणपती बसतो, नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या होतात, खंडेनवमीला मशिनींची पूजा होते आणि दिवाळीला ट्रॅडिशनल डे. तुळशीचं लग्न लागलं की तुझी गाडी परत मांडवात. मग १६ डिसेंबरच्या आसपास धनुर्मास लागतो. बऱ्याच घरांत संक्रांतीपर्यंत लग्न धरत नाहीत, आणि इकडे हिंजवडी-खराडीत इयर-एंड पार्ट्यांची झुंबड उडते, कारण अमेरिका-युरोपातले क्लायंट नाताळच्या सुट्टीवर गेलेले असतात आणि रात्रीचे कॉल बंद असतात. हल्ली मेलमध्ये 'हॉलिडे पार्टी' असं लिहितात. सुट्टी तिकडच्यांना आणि पार्टी इकडे, पण ते असो. तुझ्या रिकाम्या तारखांना तिथे गिऱ्हाईक आहे.

आता तुझं कुठे चुकलं ते सांगतो. तिन्ही त्रास एकाच ठिकाणाहून आलेत: तू तिथे लग्नासारखाच गेलास.

लग्नात ज्यांचा फोटो काढतोस त्यांच्याच घरून पैसे येतात. नवरीला फोटो आवडला की विषय संपला. कंपनीत तसं नसतं. तुला बोलावणारी एचआरमधली तुझ्याच वयाची एखादी मुलगी असते, नाहीतर ॲडमिनमधले एक गृहस्थ. त्यांनी हॉल ठरवलेला असतो, जैन जेवण वेगळं सांगितलेलं असतं, बसेस लावलेल्या असतात, ट्रॉफ्यांवरची नावं तीनदा तपासलेली असतात, आणि यादीत कुठेतरी नवव्या ओळीवर 'फोटोग्राफर' असं लिहून पुढे बरोबरची खूण केलेली असते. फोटोत ती मुलगी शोधूनही सापडत नाही, कारण ती सगळा वेळ जेवणाच्या काउंटरपाशी फोनवर असते. तिला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या असतात. सकाळी साहेबांनी विचारलं तर दाखवायला फोटो हवेत, आणि फोटोवरून कुणाची तक्रार यायला नको. पहिली गोष्ट तू दहा दिवस लांबवलीस, दुसरी तूच लिंकमध्ये घालून पाठवलीस.

दुसरीबद्दल आधी बोलू, कारण त्या फोनने तू हादरलेला दिसतोस. हादरायलाच हवं.

माझ्याही हातून हे झालंय. तेव्हा लिंका नव्हत्या, सीडी होती. एका कंपनीच्या पार्टीचे सगळे फोटो मी न निवडता सीडीवर उतरवले आणि दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवर देऊन आलो. लवकर दिले म्हणून स्वतःवर खूश होतो. त्यात एक फोटो होता. एक वरिष्ठ साहेब, एका हातात ग्लास, दुसरा हात शेजारच्या मुलीच्या खुर्चीच्या पाठीवर. हात खुर्चीवरच होता, मी समोर उभा होतो, मला माहीत आहे. पण मी लांबून २०० च्या लेन्सने टिपलं होतं, आणि टेलिलेन्स मागचं-पुढचं सगळं एकमेकांना चिकटवते. फोटोत तो हात सरळ तिच्या खांद्यावर दिसत होता. दुपारपर्यंत फोटो तीन मजले फिरून आला. महिन्याभराने त्या मुलीने नोकरी सोडली. त्या फोटोमुळेच सोडली का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. कंपनीने परत बोलावलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बोलावलं नसतं.

तेव्हापासूनचे माझे नियम सांगतो. पटतील ते घे.

बार उघडला की लांबची लेन्स बॅगेत. ज्याच्या हातात ग्लास आहे त्याला 'सर, ग्लास जरा टेबलावर' असं सांगायचं. कुणीही वाईट मानत नाही, उलट दुसऱ्या दिवशी आभार मानतात. तोंडात घास असलेला फोटो तर काढायचाच नाही. नाच सुरू झाला की पहिली दोन-तीन गाणी, तीही स्टेजवरून, सगळा घोळका येईल अशी. एकट्यादुकट्या नाचणाऱ्यावर कॅमेरा रोखायचा नाही, मग लाइट कितीही सुंदर पडलेला असो. आणि बार सुरू झाल्यापासून तासाभरात कॅमेरा बंद. हे सगळं कोटेशनमध्ये लिहून टाक: 'जेवणानंतरच्या अनौपचारिक भागाचं चित्रण केलं जाणार नाही.' तुला वाटेल, काम कमी करतोय म्हटल्यावर पैसे कमी देतील. ही ओळ वाचून मला कामं मिळालेली आहेत. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात कामाच्या ठिकाणाची व्याख्या ऑफिसच्या दारापाशी संपत नाही. कामानिमित्त माणूस जिथे जातो ती जागाही त्यात येते. कंपनीची पार्टी लॉनवर असली तरी एचआरच्या डोक्यात ते ऑफिसच असतं. तुझ्याही डोक्यात असू दे.

लॉनवरून आठवलं. उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, बंद हॉलमध्ये ती अडचण नसते. त्यामुळे लॉनची पार्टी असेल तर बक्षिसं, भाषणं, ग्रुप फोटो हे सगळं साडेसात ते नऊमध्ये कोंबलेलं असतं. तिथे एकट्याने जाऊ नकोस.

लिंक सगळ्यांना एकदम कधीही द्यायची नाही. फोटो एकाच माणसाकडे जातात, ज्याने तुला ऑर्डर दिली त्याच्याकडे. पुढे वाटायचे की नाही ते तो ठरवेल. हल्ली चेहरा ओळखून ज्याचे फोटो त्यालाच पाठवणारी ॲप आली आहेत, लग्नात तू वापरतही असशील. कंपनीत वापरायची असतील तर त्यांच्याकडून मेलवर परवानगी घे. तीनशे कर्मचाऱ्यांचे चेहरे तू तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर चढवतोयस, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झाल्यापासून कंपन्यांचे वकील या बाबतीत फार जागे झालेत. नाच, ग्लास, मिटलेले डोळे, उघडी तोंडं हे तू स्वतः काढून टाकायचं. १,९०० फोटो दिलेस म्हणून कुणी शाबासकी दिली का? साडेतीनशे दे. पण प्रत्येक टेबल त्यात आलेलं असू दे, कारण जे टेबल आलं नाही त्याचा फोन पहिला येतो.

आता पहिली गोष्ट, सकाळची. पार्टी संपल्यावर घरी जायच्या आधी, तिथेच एका खुर्चीत बसून, कॅमेऱ्यातून मोबाइलवर वीस फोटो उतरवायचे: साहेबांचं भाषण, बक्षिसं, एक भरलेला हॉल, दीपप्रज्वलन, रांगोळी, ग्रुप. थोडा उजेड वाढवायचा, आडवी रेघ सरळ करायची आणि रात्रीच पाठवायचे. सकाळी दहाला कंपनीच्या लिंक्डइनवर पोस्ट पडते, तिला फोटो लागतात. अकरा वाजता तुझे फोटो कितीही भारी असले तरी तोवर कुणाच्या तरी आयफोनमधले लागलेले असतात. या धंद्यात तू जे विकतोस त्यातला मोठा हिस्सा हे वीस फोटो आहेत. कोटेशनमध्ये ते पहिल्या ओळीत यायला हवेत, 'उच्च दर्जाचे कॅमेरे' आणि 'ड्रोन' वगैरेंच्या कितीतरी वर. (हॉलच्या आत ड्रोन कशाला हवा असतो हे मला अजून कळलेलं नाही.)

लाइटचं तुला फार शिकवत नाही, सहा वर्षं मांडवात काढलीस. दोनच गोष्टी. एलईडी वॉलसमोर इलेक्ट्रॉनिक शटर ठेवलंस तर चेहऱ्यावर आडवे पट्टे येतील. तेव्हा मेकॅनिकल शटर आणि १/१०० च्या आसपास राहा, आणि आधी दोन फोटो काढून बघ. दुसरं म्हणजे डीजेचे लेझर. एक किरण सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची खूण राहू शकते. डीजेवाल्याला सुरुवातीलाच जाऊन भेट, लेझर कुठल्या बाजूला फिरतो ते विचार आणि त्या बाजूला उभा राहू नकोस.

बक्षिसांच्या वेळी मात्र सगळं कसब लागतं. मिनिट-टू-मिनिट म्हणून जो कागद असतो, तो आदल्या दिवशी मागून घे. त्यात पंचवीस बक्षिसं असतील आणि वेळ वीस मिनिटं. म्हणजे एकाला पन्नास सेकंदही नाहीत, त्यात नाव पुकारणं, टाळ्या, चालत येणं. साहेब ट्रॉफी देताना खाली बघतात, घेणारा साहेबांकडे बघतो, आणि ट्रॉफीवरचं नाव पोटाकडे वळलेलं. स्टेजसमोर मधोमध गुडघ्यावर बस आणि मोठ्याने म्हण, 'सर, इकडे एकदा.' लाजायचं नाही. दोन बक्षिसांनंतर साहेबांना सवय लागते आणि ते आपणहून तुझ्याकडे बघायला लागतात. तीन फ्रेम काढ, एकीत डोळे उघडे सापडतात. ज्याला बक्षीस मिळालं त्याच्या घरी हाच फोटो जाणार आहे, आणि तो चुकला तर परत घेता येत नाही. मोठ्या ग्रुपचं तंत्र तुला माहीत आहे. फक्त शिडी किंवा वरची गॅलरी आधी बघून ठेव आणि ग्रुप जेवणाच्या आधीच उरक. जेवणानंतर तीनशे माणसं एका जागी आणणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तू हिंजवडीकडे बघतोयस, कारण तिथे काचेच्या इमारती आहेत आणि भावजी आहेत. माझं मत विचारशील तर तू तोंड चाकणच्या कारखान्यांकडे वळव. चाकण, तळेगाव, रांजणगाव, आणि तुझ्या घराजवळची भोसरी. आयटीच्या पार्टीत प्रत्येकाच्या खिशात तुझ्या कॅमेऱ्याशी स्पर्धा करणारा फोन असतो, आणि फोटो दोन दिवसांत विसरला जातो. कारखान्यात खंडेनवमीची पूजा असते, आणि डिसेंबर-जानेवारीत कुटुंबासह मेळावा असतो, ज्याला कुणी ॲन्युअल डे म्हणतं, कुणी फॅमिली डे. तिथे लोक घरच्यांना घेऊन, नवे कपडे घालून येतात. मुलांना वडील जिथे काम करतात ती मशीन दाखवतात. अशा ठिकाणी एक पडदा, दोन लाइट, एक स्टूल आणि जागेवर प्रिंट काढणारा प्रिंटर घेऊन बस. कौटुंबिक फोटोचा स्टॉल. प्रत्येक कुटुंबाला एक ४ बाय ६ ची प्रिंट, हातात, मिनिटाच्या आत, कंपनीचं नाव छापलेल्या कागदी पाकिटात.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी हा स्टॉल लावला होता. एक सीएनसी ऑपरेटर आला. बायको, दोन मुली आणि नऊवारीतली आई. पडदा मी जमिनीवर पुढेपर्यंत सोडला होता, पांढरा. म्हातारीने कडेला चप्पल काढली आणि मग कापडावर पाय ठेवला, मळेल म्हणून. मी म्हटलं, 'आजी, चप्पल घाला, काही होत नाही.' तिने नुसती मान हलवली. ते बघून धाकटीने बूट काढले, मग मोठीने, मग सून, शेवटी ऑपरेटर कंपनीचे सेफ्टी शूज सोडत बसला आणि मागची रांग हसायला लागली. त्या फोटोत पाचही जण अनवाणी आहेत आणि पाचही जण हसतायत, मला एक शब्द बोलावा लागला नाही. पुढच्या वर्षी तोच ऑपरेटर मागचा फोटो प्लास्टिकमध्ये घालून घेऊन आला. म्हणाला, याच क्रमाने उभं करा, मोठी आता आईपेक्षा उंच झाली ते दिसायला पाहिजे. आणि पाचही जणांनी न सांगता चपला-बूट काढले. तिसऱ्या वर्षी त्या कंपनीने दुसऱ्या कुणाचं कोटेशन मागवलंच नाही, कारण मेळाव्याच्या महिनाभर आधी कामगारच एचआरला विचारत होते, फोटोवाला येणार ना?

हिशेब आधी नीट मांड. एका कुटुंबाला ४५ सेकंद धरलीस तर तासाला ८० कुटुंबं होतात. ४०० कुटुंबं असतील तर पाच तास सलग, पाणी न पिता. मेळावाच तेवढा असतो, आणि चारशेतली तीनशे जेवणाआधीच्या एका तासात येतात. म्हणून दोन स्टॉल आणि टोकनं. पाहुणे बसवायला, टोकन द्यायला आणि प्रिंट पाकिटात घालायला स्वतंत्र माणसं. प्रिंटचे पैसे नगावर लाव, फोटोग्राफीचे वेगळे. नाहीतर ३०० धरून रेट देशील आणि ६०० प्रिंटा काढून बसशील, कारण प्रत्येक आजीला एक वेगळी हवी असते.

आणि यासाठी तुझ्याकडे जे आहे ते हिंजवडीच्या कुठल्याच 'कँडिड' वाल्याकडे नाही. तुझे बाबा. आयुष्यभर ज्याने रडणारी पोरं, लाजणाऱ्या सुना आणि घाईतले विद्यार्थी एका स्टुलावर बसवून 'मान जरा डावीकडे, हनुवटी खाली, हां' म्हणत दोन मिनिटांत उठवली, तो माणूस ४५ सेकंदांत कुटुंब उभं करू शकतो. तू कॅमेऱ्यामागे राहा, बाबांना पडद्यापाशी उभं कर.

आता पैसे. त्या इव्हेंटवाल्याच्या ७ हजारांचा हिशेब करू. संध्याकाळी वाकड ओलांडून जाऊन-येऊन अडीच तास. आधी अर्धा तास, पार्टीचे चार. मग निवड आणि दुरुस्ती सात तास, कारण तू अजून हात राखून क्लिक करत नाहीस. झाले १४ तास. मदतनिसाला दोन हजार, गाडीचे सहाशे. उरले ४,४००. तासाला ३१४ रुपये, आणि त्यात कॅमेऱ्याची झीज, हार्ड डिस्क, काहीच धरलेलं नाही. मी तुझ्या जागी असतो तर चार तास, दोन माणसं, रात्री वीस फोटो आणि तीन दिवसांत बाकीचे, या सगळ्याचे २२ ते २५ हजार मागितले असते, आणि नकार आला तर डिसेंबरची ती संध्याकाळ घरी काढली असती. तुला पहिलं वर्ष म्हणून १८ वर उतरावंसं वाटलं तर उतर. ७ वर नको. ७ वाल्याला पुढच्या वर्षी कुणी १८ देत नाही.

इव्हेंटवाले वाईट नसतात, त्यांच्याकडून वर्षभर काम येतं. पण 'कंपनीकडून आले की देतो' या वाक्यावर काम घेऊ नकोस. कंपनी त्यांना साठ दिवसांनी देणार, ते तुला त्यानंतर. अर्धे आधी, अर्धे फोटो देताना, आणि हे मेलवर. थेट कंपनीकडून ॲडव्हान्स मागितलास तर बहुतेक ठिकाणी मिळत नाही, त्यांच्या सिस्टिममध्ये ते बसत नाही. तिथे मागायची गोष्ट म्हणजे परचेस ऑर्डर (पीओ), कंपनीने काम दिल्याचा लेखी कागद. पीओ नंबर हातात आल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही. गेल्या दिवाळीत फोनवर ठरलं होतं म्हणतोस. अकाउंट्सच्या दृष्टीने तू तिथे आलाच नव्हतास, ते ११० दिवस तुझं अस्तित्व सिद्ध करण्यात गेले. व्हेंडर रजिस्ट्रेशनला लागणारे कागद आत्ताच एका फोल्डरमध्ये करून ठेव: पॅन, कॅन्सल्ड चेक, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागू नाही असं पत्र. बिल कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, पीओ नंबर टाकून.

आणि उद्यम नोंदणी कर, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. ऑनलाइन आहे, आधारवर होते, फुकट आहे. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नकोस. २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा छोट्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण कशीही ओढली तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. आपण ते व्याज मागायला जाणार नाही, गिऱ्हाईक तोडायचंय का? पण एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली आहे की अशा छोट्यांची बिलं मुदतीत दिली नाहीत तर देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजा करून मिळत नाही. त्यामुळे बिलाच्या खाली 'उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग' आणि नंबर एवढी एक ओळ असली की अकाउंट्सचा माणूस ते बिल गठ्ठ्याच्या वर ठेवतो. भांडण नको, आठवणीचे फोन कमी.

इन्स्टाचं राहिलं. इथे बहुतेक फोटोग्राफर चुकतात, मीही कित्येक वर्षं चुकीचंच समजत होतो. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणारा असतो, वेगळा करार केलेला नसेल तर. म्हणजे त्या दिवाळीचे १,९०० फोटो त्या कंपनीचे आहेत, तुझे नाहीत. टाकले असशील तर आज काढून टाक. पुढच्या कोटेशनमध्ये एक वाक्य घाल: कंपनीने मंजूर केलेले दहा फोटो कामाचा नमुना म्हणून वापरण्याची परवानगी असेल. त्या दहांत माणसं ओळखू येणार नाहीत अशी निवड कर: रांगोळी, सजवलेली मशीन, झेंडूचं तोरण आणि मागे पुसट गर्दी. एचआर लगेच हो म्हणते. मूळ रॉ फाइल्स मागितल्या तर वेगळे पैसे सांग. सहसा कुणी परत विचारत नाही.

थेट कोटेशन मागणाऱ्या त्या कंपनीला याच आठवड्यात पाठव. डिसेंबरची बजेटं दसऱ्याच्या आसपास ठरून जातात. आणि खंडेनवमीला भोसरीत घराजवळचा एखादा छोटा वर्कशॉप धर, मालकाला म्हण की पूजेचे फोटो काढून देतो, पहिलं वर्ष नाममात्र. मशीनला हार, बोनेटवर स्वस्तिक, पेढ्यांचा बॉक्स, आणि आपापल्या मशीनपाशी उभा असलेला प्रत्येक कामगार. तो नमुना घेऊन जानेवारीच्या मेळाव्याचं काम मागायला जाता येईल. ३१ डिसेंबरच्या हॉटेल पार्ट्या मात्र घेऊ नकोस, ते वेगळंच प्रकरण आहे, त्यात फोटोपेक्षा बाउन्सरशी जास्त संबंध येतो.

ते कापलेले १,४०० बुडालेले नाहीत. तो दहा टक्के टीडीएस आहे. एवढ्या लहान रकमेवर कापणं बंधनकारकही नसतं, पण अकाउंट्सवाले सरसकट कापून मोकळे होतात. तुझ्या पॅनवर जमा असायला हवेत. आयकराच्या साइटवर २६एएस, म्हणजे तुझ्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडून बघ दिसतात का; नसतील तर त्याच मॅडमना एक साधा मेल टाक. त्या निमित्ताने लिंक बंद केल्याचंही कळव, आणि दोन ओळींत माफी माग. यंदाची दिवाळी त्यांच्याकडेही आहेच.